मरलेट पाहायला जाताय? शेव-चिवडा गाडीतच राहू द्या

समुद्रपक्षी आहे म्हणून मार्बल्ड मरलेटचं घरटं कड्याकपारीत शोधत बसू नका. कॅलिफोर्नियात हा पक्षी अंडं घालतो ते शेकडो वर्षं जुन्या रेडवूड आणि डग्लस फर झाडांवर. रुंद फांदीवरच्या शेवाळात नुसता खळगा, त्यात एकच अंडं. काड्या जमवणं नाही, विणणं नाही. म्हणून तर इथलं पहिलं घरटं थेट १९७४ साली सापडलं, बिग बेसिन या रेडवूडच्या जंगलात, तेही झाडावर चढलेल्या एका माणसाला, योगायोगाने. अशी जुनी झाडं तुटली तिथे मरलेटही संपला.

जुलैत जा. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी उभे राहा आणि दुर्बिणीपेक्षा कानांवर भिस्त ठेवा. 'कीर, कीर' असा तीक्ष्ण आवाज डोक्यावरून जाईल. अंडं उबवताना नर-मादी चोवीस-चोवीस तासांची पाळी करतात. पहाटे एक समुद्रावरून येतो, दुसरा निघतो. पिल्लू मोठं झालं की अंगावरची लव स्वतः चोचीने उपटतं आणि एकटंच समुद्राकडे उडतं. मला याचं दरवेळी नवल वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा आमच्यातल्या कुणाच्या तरी पुडीतून शेव सांडली आणि दोन मिनिटांत 'स्टेलर्स जे' नावाचे निळे पक्षी हजर! हे निळे पक्षी आणि डोमकावळे खरकट्यावर वाढतात आणि मरलेटची अंडी-पिल्लं खातात. कण न् कण उचला. मोबाइलवर मरलेटचा आवाज अजिबात वाजवू नका. आणि स्वेटर घ्या, पहाटे धुकं असतं.