पावसात मीटर २३० दाखवतोय, ॲप म्हणतंय हवा चांगली. खरं कुणाचं?

ताई, तुमची अडचण कळली. घर बेळगावच्या उद्यमबागेजवळ, म्हणजे फाउंड्रींच्या (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांच्या) भागात, पोराला खोकला, म्हणून हवेचा मीटर घेतला आणि ऐन ऑगस्टात तो पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा २३० दाखवतोय.

तो २३० आधी सोडून द्या. असल्या स्वस्त मीटरमध्ये छोटा पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेझरचा झोत पडतो आणि कणांवरून उजेड किती विखुरला त्यावरून मीटर वजनाचा अंदाज बांधतो. वजन काही करत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. ओलाव्यानं कण फुगतात, धुक्याचे थेंब आत जातात, आणि हे सगळं त्याच्या लेखी धूळच. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्याच मीटरवर बराच विश्वास ठेवता येतो. तोवर निदान तो स्वयंपाकघरातून हलवा. फोडणी दिली की आकडा कुठच्या कुठं जातो, करून बघा.

सरकारी मोजमापाची अडचण वेगळी. हातानं नमुने घेण्याच्या केंद्रात गाळणकागद आधी तोलतात, चोवीस तास हवा ओढतात, मग परत तोलतात. खरं वजन मिळतं, पण आठवड्यातून दोनदाच, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. आणि चोवीस तासांच्या सरासरीत तुमच्या गल्लीत तासभर भरलेला धूर विरघळून जातो.

आकडा वाचताना तो कसला आहे ते आधी बघा. पीएम २.५ दर घनमीटर हवेमागं मायक्रोग्रॅममध्ये असतं, एक्यूआय हा अशा मोजमापांवरून काढलेला हवेच्या दर्जाचा निर्देशांक. आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, तिथं भारतीय एक्यूआय १०० येतो. अमेरिकन पद्धतीच्या ॲपवर त्याच हवेला दीडशेच्या वर आकडा लागतो. निम्मी भांडणं इथंच होतात.

चिकोडी, हुक्केरीकडच्या मंडळींसाठी थोडं विषयांतर. गळीत हंगामात गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी राख पडते, ती साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या चिपाडाची. तिचे कण बहुतेक दहा मायक्रॉनपेक्षा मोठे, मीटरला ते दिसतच नाहीत. त्यामुळं ‘एक्यूआय ठीक आहे’ हे उत्तर खरं असलं तरी तुमच्या तक्रारीला ते उत्तर नव्हे. तिथं चिमणीवरची राख पकडणारी यंत्रणा चालू आहे का, हेच विचारायचं.

उद्यमबागेत मला धुराइतकीच वाळूची काळजी वाटते. कोक (भाजलेला दगडी कोळसा) जाळणारी कपोला भट्टी पेटवताना धूर होतो, तो दिसतो तरी. विजेच्या इंडक्शन भट्टीनं तो बराच कमी होतो. पण ओतीव काम बाहेर काढायला वाळूचा साचा फोडताना उडणारी सिलिकाची धूळ भट्टी बदलून जात नाही. तिला बॅग फिल्टरच, म्हणजे धूळ गाळणाऱ्या पिशव्यांची यंत्रणाच लागते, आणि ती बसवली तरी पिशव्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. शिवाय जळकी वाळू रस्त्याकडेला ओतली की लॉऱ्या ती दळत राहतात.

बेळगावचं नाव २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत नाही. हुबळी-धारवाड आहे, कोल्हापूर, सांगली आहे. त्या योजनेवर विसंबून आपलं काही होणार नाही.

तेव्हा थंडीत मीटर एकाच जागी, गॅलरीत, चुलीपासून लांब ठेवा आणि आकड्याशेजारी वेळ, वारा कुठून, वास कसला, हे टिपा. हिवाळ्यात पहाटे आकडा सगळीकडेच चढतो, कारण थंड हवा धूर जमिनीलगत दाबून धरते. त्याचा दोष फाउंड्रीवर घालू नका. पण वारा फिरला की तेवढ्यापुरता चढतो आणि कोकचा वास येतो, असं पुन्हा पुन्हा झालं तर धागा सापडला. गल्लीत कुणी पाला, प्लॅस्टिक पेटवत असेल तर तेही लिहा. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, २०१६ मध्ये हरित लवादानं ५००० रुपये दंडही ठरवला होता.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावातल्या कार्यालयात अर्ज द्या. त्यात ‘हवा खराब आहे’ असं मोघम लिहू नका. कुठल्या वेळी, कुठल्या बाजूनं, काय दिसलं ते लिहा, फोटो जोडा, आणि त्याच वेळेला येऊन बघा अशी मागणी करा. पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि खोकल्याचं मीटरवर सोडू नका, पोराला डॉक्टरला दाखवा.