पोटगीचा कर राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र: पगार 45 हजार, मुलगी 13 वर्षांची, परस्पर संमतीनं घटस्फोट होतोय. पोटगी एकरकमी 40 लाख घ्यावी की महिना 25 हजार? कर कशावर कमी? आणि शेवटी जाता जाता: ‘बँकेतल्या मॅडमनी सुचवलेली करमुक्त पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली. वर्षाला 6 लाख, 10 वर्षं. पहिला हप्ता एफडी मोडून भरला, पुढचे पोटगीतून भरीन.’

ताई, कराचं उत्तर छोटं आहे. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा तसा जुना निकाल आहे. दरमहा पोटगी उत्पन्नात धरतात. पण पगाराचे साडेपाच आणि पोटगीचे 3 मिळून साडेआठ लाखच होतात, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे कर दोन्हीकडे नाहीच; तरी एकरकमीच घ्या. 7 टक्क्यांनी वर्षाला 2 लाख 80 हजार व्याज, म्हणजे जवळपास पोटगीएवढंच, आणि मुद्दल तुमच्या हातात. पोटगी थकली म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. रक्कम कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या संमतीच्या अटींमध्ये, लिहून घ्या.

आता पॉलिसी. 10 हप्ते म्हणजे 60 लाख. तुमच्याकडे येणार 40. पोटगी व्याजासकट संपली की 45 हजार पगारातून महिना 50 हजार कुठून काढणार? मध्येच थांबलात तर सरेंडरमध्ये, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडताना, मोठा फटका. ‘करमुक्त’ तर सरळ खोटं आहे: 1 एप्रिल 2023 पासूनच्या पॉलिसींचा वार्षिक हप्ता 5 लाखांवर गेला, की मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेवर सूट नाही. घटस्फोटाच्या धावपळीत असलेल्या बाईला हे विकणाऱ्याचा मला संताप येतो. परतावाही साडेपाच-सहा टक्क्यांचा. 12 टक्के कुणी सांगितले असतील तर विसरा.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून पैसे परत मिळतात. अर्ज बँकेत नको, थेट विमा कंपनीला द्या आणि पोच घ्या. मॅडमचा फोन येईल, ‘नुकसान होईल’ म्हणतील. ऐकू नका.

मुलीसाठी स्वतःच्या नावावर साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा, काढा, वर्षाला काही हजारांत होतो. घटस्फोटाचा हुकूम झाला की पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बँक खात्यांवरचं नवऱ्याचं नाव काढून नॉमिनी मुलीला करा. ती अल्पवयीन असल्यामुळे तिच्या वतीनं पैसे घेणारी व्यक्तीही नेमावी लागेल.