‘फोर-जी’ कापूस लावावा का? बियाणं घेण्याआधी आलेल्या काही प्रश्नांची उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पेरणी तोंडावर आली की करजण, डभोई, शिनोर, सावली या तालुक्यांतून कापसाच्या बियाण्याबद्दल विचारणा सुरू होते. वडोदऱ्यातल्या मराठी शेतकरी कुटुंबांकडून या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख जनुक बदललेल्या बियाण्याकडे आहे. कुणाला ते हवंय, कुणाला त्याची धास्ती वाटते. प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं लिहितो.

करजण तालुक्यातले एक शेतकरी विचारतात: गावात एक जण ‘फोर-जी’ कापसाचं बियाणं घरपोच देतो. बिल देत नाही. वरून तणनाशक मारलं तरी कापसाला काही होत नाही, निंदणीचा खर्च वाचतो, असं सांगतो. माझं दहा बिघे रान आहे. घ्यावं का?

घेऊ नका.

तुमची अडचण खरी आहे, हे मी आधी मान्य करतो. ऐन पावसाळ्यात काळ्या भुईत आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, कोळपं चालत नाही, निंदायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर सगळे एकाच दिवशी त्याला बोलावतात. तणाने कापूस दाबला की शेतकऱ्याची झोप उडते. त्यामुळे तणनाशक सोसणाऱ्या कापसाची मागणी करणारा शेतकरी चुकीचं काही मागत नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने असं बियाणं उघडपणे पेरून हीच मागणी सरकारपुढे मांडली होती.

पण आज तुमच्या हातात पडणारं पाकीट कुणीही तपासलेलं नाही. जनुक बदललेल्या बियाण्याला केंद्राच्या जीईएसी समितीची मंजुरी लागते. तणनाशक सोसणाऱ्या कापसाला ती मिळालेली नाही. बीजी-२ आरआरएफ नावाच्या अशा वाणाचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये स्वतःच मागे घेतला होता. त्यामुळे ‘फोर-जी’च्या पाकिटात कोणतं जनुक आहे, किती शुद्ध आहे, बोंडअळीविरुद्धची बीटी जनुकं तरी पूर्ण आहेत की नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उगवण फसली किंवा फवारणीनंतर निम्मी झाडं करपली, तर बिलाशिवाय दाद मागायची कुणाकडे? पंचनाम्याला आम्ही कृषी खात्याचे लोक आलो तरी कागदावर काय लिहिणार?

आपल्या भागात दुसरा धोका याहून जवळचा आहे. आपण कापसात तूर घेतो. फवारणी ग्लायफोसेट या तणनाशकाची होणार. ते तुमच्या ओळीतली तूर मारेल, आणि वारा असला तर शेजाऱ्याची तूर आणि बांधावरचा भाजीपालाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशानुसार ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकाकडूनच वापरता येतं, म्हणजे पंप पाठीवर घेऊन तुम्ही मारायचं औषधच ते नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं याच एका औषधावर भिस्त ठेवल्याने माठाच्या कुळातलं एक तण त्याला दाद देईनासं झालं. २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यातल्या कापसात ते सापडलं आणि पुढे तिथल्या लोकांना पुन्हा हाताने तण उपटावं लागलं.

काही जण म्हणतील, साहेब, २००१ साली गुजरातेत बिनमंजुरीचाच कापूस चालला होता ना? चालला होता. त्या वर्षी बोंडअळीने उभी शेतं धुऊन नेली, आणि ‘नवभारत १५१’ नावाने विकलेला कापूस मात्र हिरवागार उभा होता. तपासणीत त्यात बीटी जनुक निघालं, पीक उपटून जाळायचे आदेश सुटले, आणि पुढच्याच मार्चमध्ये, २६ मार्च २००२ ला, देशात बीटी कापसाला मंजुरी मिळाली. शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. पण नंतरच्या वर्षांत त्या गुणाचं काय झालं, हे दुसऱ्या प्रश्नात बघा. तपासणी आणि शिस्तीशिवाय आलेल्या बियाण्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

तणासाठी आत्ता हे करा. पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल असताना, पेंडीमेथालिन लेबलवरच्या मात्रेत फवारा. पहिले काही आठवडे रान त्याने बरंच स्वच्छ राहतं. नंतर वाफसा मिळेल तशा दोन कोळपण्या आणि ओळीतली एक निंदणी करा. उगवून आलेल्या तणासाठी कापसात मंजूर असलेली औषधं आहेत: गवतवर्गीय तणाला क्विझालोफॉप, रुंद पानांच्या तणाला पायरिथायोबॅक. तण दोन ते चार पानांवर असतानाच ती लागू पडतात. मात्र तूर असेल तर पायरिथायोबॅक मारू नका, तुरीला इजा होते.

शिनोरहून एका भगिनींनी विचारलंय: बीटी म्हणजे अळी लागणार नाही, असं सांगून बियाणं विकतात. मग गेली काही वर्षं बोंडं किडकी का निघतात? बियाणं खोटं आहे का?

बहुतेक वेळा बियाणं खोटं नसतं. तुमच्या बोंडात निघते ती गुलाबी बोंडअळी, आणि तिने बीटीला पचवलं आहे. कसं, ते सविस्तर सांगतो, कारण सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

जमिनीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूचं एक जनुक कापसात घातलं. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं, आणि ते खाल्लं की बोंडअळीचं आतडं फाटतं. २००२ मध्ये एक जनुक आलं, २००६ मध्ये बीजी-२ मध्ये दोन आली. त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००१-०२ मध्ये देशात कापसाच्या १५८ लाख गाठी झाल्या होत्या, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख झाल्या. सगळं श्रेय बीटीचं नाही. संकरित वाणं, खतं, नवी कीटकनाशकं, सौराष्ट्रात वाढलेलं सिंचन यांचाही त्यात वाटा आहे. पण हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीसाठी आठवड्यामागे आठवडा विषारी फवारे मारणारा शेतकरी त्यातून सुटला, ही मोठी गोष्ट होती. त्या दोन अळ्यांवर बीटी आजही बऱ्यापैकी काम करतं.

गुलाबी अळीचं वेगळं. ती जवळजवळ फक्त कापसावरच जगते. आपल्याकडे कॅनॉलचं किंवा बोअरचं पाणी आहे, म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा ठेवायची सवय लागली. तिला पिढ्यांमागून पिढ्या काढायला घर आणि अन्न आपणच दिलं. बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, ते कडेच्या ओळींत लावायचं होतं. त्या ओळींत साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी जुळले असते, आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडली असती. ते पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकलं. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्यातलं बियाणं अनेकदा हलकं असायचं, आणि ते कशासाठी आहे हे आम्ही खात्याच्या लोकांनी घरोघर जाऊन पटवून द्यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपण संकरित बीटी लावतो. त्याच्या एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत दोन्ही जनुकं नसतात. हिशेबाने सोळांपैकी नऊ सरक्यांत दोन्ही, सहांत एकच, आणि एकीत काहीच नाही. अळी सरकी खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण विष, कमी विष आणि बिनविषाचं असं सगळं मिळतं, आणि सरावायला याहून चांगली जागा नाही. घरची सरकी पुढच्या वर्षी पेरू नका म्हणतो, त्याचंही हे एक कारण.

२०१० मध्ये बियाणं देणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. पाचेक वर्षांत बीजी-२ चीही तीच गत झाली. हीच अळी, हीच जनुकं अमेरिकेतही होती. तिथे बिगर-बीटी पट्टे पाळले, पुढे नपुंसक केलेले पतंग सोडले, हंगाम वेळेवर संपवला, आणि २०१८ मध्ये कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. बियाण्याला देव मानणाऱ्यांनी आणि राक्षस मानणाऱ्यांनीही ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत.

आता कामाचं. बियाणं परवानाधारक दुकानातून, बिल घेऊनच घ्या. २०२५-२६ साठी बीजी-२ च्या ४७५ ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली होती, त्यात बिगर-बीटी दाणे मिसळलेलेच असतात. चालू हंगामाची किंमत पाकिटावर वाचा, जास्त मागितलं तर कळवा. लवकर तयार होणारं वाण निवडा. पाणी आहे म्हणून मे महिन्यात पेरू नका. शक्यतो सगळं गाव एकाच आठवड्यात पेरा.

पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीची वेळ आली समजा. गुलाबासारखी मिटलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. दर आठवड्याला शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, कारण अळी आत शिरली की छिद्र बुजतं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यात गुलाबी अळी बसलेली सापडते. विसातली दोन बोंडं अशी निघाली, तरीही फवारणी करा; यांपैकी एकही खूण नसेल तर नको. पायरेथ्रॉइड गटातली औषधं नोव्हेंबरच्या आधी मारू नका, पांढरी माशी उसळते. आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय पंप उचलू नका. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तुमच्या घरचा किंवा तुमच्या मजुराचा जीव कुठल्याही पिकाहून मोठा आहे.

डिसेंबरअखेर पीक मोडा. शेवटच्या वेचणीनंतर भरवाडांच्या मेंढ्या-बकऱ्या शेतात बसवा, उरलेली बोंडं त्या साफ करतात. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. एकट्याने करून भागणार नाही, शेजाऱ्यालाही सांगा.

वडोदरा शहरातून एक गृहिणी विचारतात: डभोईची आमची शेती सासरे बघतात. घरात कपासिया (सरकीचं) तेल येतं, गाईला कपाशीची खोळ (पेंड) देतो. हे बीटीचंच ना? मुलांना दूध देताना भीती वाटते.

हो, देशातला जवळजवळ सगळा कापूस बीटी आहे, तेव्हा तेल आणि पेंडही त्याचीच. पण बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात काम करतं, आणि तिथे त्याला चिकटायला विशिष्ट जागा लागते. माणसाच्या आणि गाईच्या पोटात ती नाही. रिफाइंड तेलात तर प्रथिनच जवळजवळ उरत नाही. तेलासाठी घाबरू नका.

काळजी घ्यायची ती पेंडीची, आणि ती बीटीच्या आधीपासूनची आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो, म्हणून लहान वासरांना ही पेंड देऊ नका. ओल लागून बुरशी आलेली पेंड गाईलाही नको, कारण बुरशीचं विष दुधात उतरतं. पोतं फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. बाकी, आपण काय खातो हे ग्राहकाला वेष्टनावर कळलं पाहिजे, या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे.

पादऱ्याहून एका तरुणाने विचारलंय: बीटी वांगं आणि जीएम (जनुक बदललेली) मोहरी कधी येणार?

आज दोन्ही पेरता येत नाहीत. बीटी वांग्याला २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला. त्यानंतर सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक अहमदाबादला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतात आहे. डीएमएच-११ या जीएम मोहरीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं मत विभागलं. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली भाताची दोन वाणं जनुक-संपादनाची आहेत, त्यांत बाहेरचं जनुक नाही. माझं मत विचाराल तर चाचण्यांची सगळी आकडेवारी शेतकऱ्याच्या भाषेत खुली करावी, मग निर्णय घ्यावा. तोवर वांग्यातल्या शेंडेअळीसाठी किडलेले शेंडे दर आठवड्याला तोडा आणि कामगंध सापळे लावा.

सावलीचे एक ज्येष्ठ शेतकरी: हे सगळं सोडून जुना देशी कापूस लावला तर?

दोन-तीन बिघ्यांत जरूर लावून बघा. भरूच-वडोदरा पट्ट्यातला देशी कापूस कमी पाण्यावर तगतो, तुडतुडे आणि पांढरी माशी त्याला कमी त्रास देतात, सरकी घरची पेरता येते. सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असेल तर बीटी चालतच नाही, तिथे हा उपयोगी आहे. मात्र धागा आखूड असतो. म्हणून पेरणीआधी जिनिंगवाल्याशी बोलून घ्या, तो वेगळा घेईल का आणि काय भाव देईल ते लिहून घ्या. शेजारच्या बीटीत मिसळू नये म्हणून वेचणीची पोती, गाडी आणि ठेवायची खोली वेगळी ठेवा.