वडिलांना बीपीसाठी टेल्मा-एच चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून ते मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम आणून रोज घेतात. चालतं का?

रोज? नाही. उन्हाळ्यात तर नकोच.

सांगलीत माझं मेडिकल आहे. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी चालू असताना तासगावकडचे एक मामा रिकामं पाकीट घेऊन आले, "हीच द्या, दोन पाकिटं." दुसरी कुठली गोळी चालू आहे का विचारलं. "न्हाई." बीपीची? "ती हाय की, पण ती रोजचीच!" रोजच्या गोळीला आपल्याकडे औषधात धरतच नाहीत, घोळ तिथेच होतो.

कॉम्बिफ्लाममध्ये 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि 325 पॅरासिटामॉल असतं. अडचण आयब्युप्रोफेनची. मूत्रपिंडातली चाळणी रक्ताच्या दाबावर चालते. आयब्युप्रोफेन आत येणाऱ्या पाटाचं तोंड आवळतं, टेल्मा-एचमधलं टेल्मिसार्टन बाहेर जाणारं तोंड सैल करतं, आणि 'एच' म्हणजे लघवी वाढवणारं औषध विहिरीतलं पाणीच कमी करतं. मग चाळणीवर दाब राहणार कुठून? त्यात दिवसभर उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलं, की क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) चढायला वेळ लागत नाही. शिवाय आयब्युप्रोफेनने बीपीही वाढतं, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं.

वडिलांना इकोस्प्रिन 75, म्हणजे हृदयासाठीची ॲस्पिरिन, पण आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बघा. आयब्युप्रोफेन आधी पोटात गेलं तर रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेटवरची ॲस्पिरिनची जागा तेच अडवून बसतं, आणि हृदयासाठी घेतलेली गोळी वाया जाते. पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते ती वेगळीच. शौच डांबरासारखं काळं झालं तर थेट दवाखाना गाठा.

बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

गुडघ्याला आधी साधं पॅरासिटामॉल बरं, लिव्हरचा त्रास किंवा दारूची सवय नसेल तर. फक्त सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते हिशोबात धरा. दिवसाची बेरीज 3 ग्रॅमच्या आत ठेवा. डॉक्टरांना कॉम्बिफ्लामचं सांगून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, आणि किती दिवस घेतली तेही खरं सांगा.

मामांना मी पॅरासिटामॉलच दिलं. "ह्यानं काय हुतंय," म्हणत त्यांनी वर बामची डबी मागितली.