लघुग्रहाला नाव कसं मिळतं: आधी कक्षा, मग क्रमांक, शेवटी नाव

लघुग्रहांची नावं कोण ठरवतं, आणि पैसे भरून आपल्या माणसाचं नाव देता येतं का, असा प्रश्न आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना नावं विकत नाही, आणि प्रमाणपत्रं विकणाऱ्यांच्या याद्या कुठलीही वेधशाळा वापरत नाही. नाव सुचवण्याचा मान शोधकाचा असतो, तोही कक्षा पक्की झाल्यावरच. सगळी गोम या क्रमात आहे.

एका रात्री हलणारा ठिपका दिसला, एवढ्यावर काही होत नाही. दुसऱ्या रात्रीही तो सापडावा लागतो. मग लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं मायनर प्लॅनेट सेंटर त्याला तात्पुरती संज्ञा देतं. उदाहरणार्थ, २००६ व्हीपी३२. वर्षापुढचं पहिलं अक्षर पंधरवड्याचं: ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे १६ ते ३१ जानेवारी, असं वायपर्यंत, मधला आय वगळून. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम दाखवतं. इथेही आय नाही, म्हणून अक्षरं २५ आणि पी पंधरावं. अक्षरं संपली की पुन्हा ए, आणि झालेल्या फेऱ्या शेवटच्या आकड्यात. ३२ गुणिले २५ अधिक १५, म्हणजे त्या पंधरवड्यातली ही ८१५वी नोंद.

पुढचा टप्पा सर्वांत चिवट. कायमचा क्रमांक मिळायला सहसा चार प्रतियुतींमधली निरीक्षणं लागतात. प्रतियुती म्हणजे पृथ्वीवरून पाहता लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध बाजूला येणं. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाची प्रतियुती साधारण सव्वा ते दीड वर्षाने येते, त्यामुळे काही वर्षं सहज जातात. जुन्या छायाचित्रांत तोच ठिपका ओळखता आला तर हा काळ कमी होतो. एवढी सावधगिरी उगाच नाही. ७१९ अल्बर्ट १९११ मध्ये सापडला, त्याला क्रमांक आणि नाव दोन्ही मिळालं, पण कक्षा कच्ची असल्याने तो जो हरवला तो थेट २००० मध्ये हाती लागला. प्रसिद्धीनेही ही पायरी चुकत नाही. पृथ्वीला धडकण्याच्या शक्यतेवरून २०२५ च्या सुरुवातीला जगभर गाजलेला २०२४ वायआर४ बातम्यांत याच तात्पुरत्या संज्ञेने येत होता. 'विद्यार्थ्याने लघुग्रहाला नाव दिलं' अशा बातम्या वाचताना क्रमांक मिळाला आहे का, ते आधी बघा. बऱ्याचदा ती फक्त प्राथमिक नोंद असते.

क्रमांकानंतर शोधकाला नाव सुचवायला दहा वर्षं मिळतात. नाव जास्तीत जास्त १६ अक्षरांचं (रोमन लिपीत, मोकळी जागा धरून), शक्यतो एकच शब्द, उच्चारता येण्याजोगं, आणि आधीच्या कुठल्या लघुग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या नावाशी फार मिळतंजुळतं नसलेलं. राजकारण किंवा युद्धामुळे ओळखल्या जाणाऱ्या व्यक्ती आणि घटनांना १०० वर्षं थांबावं लागतं. जाहिरातबाजी चालत नाही, शोधकाने स्वतःचं नाव द्यायचं नाही. पाळीव प्राण्यांची नावंही नकोत असा संकेत आहे. २३०९ मिस्टर स्पॉक हे नाव शोधकाच्या मांजराचं होतं, त्यावरून वाद झाला. नावासोबत ते का दिलं याचा छोटा मजकूर जोडावा लागतो, आणि संघटनेची समिती निर्णय घेते. वरच्या २००६ व्हीपी३२ ला क्रमांक मिळाला ३००१२८, आणि २०१९ मध्ये तो 'पंडितजसराज' झाला. त्यांची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०. क्रमांक उलट्या बाजूने दोन-दोन आकडे घेऊन वाचा.

नावावरून पुष्कळदा कक्षेचा अंदाज येतो, आणि मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे चालणाऱ्या ट्रोजन लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक वीरांची नावं, मागून येणाऱ्यांना ट्रॉयच्या वीरांची. ६१७ पॅट्रोक्लस आणि ६२४ हेक्टर मात्र शत्रूच्या छावणीत आहेत, कारण त्यांची नावं हा संकेत रुळण्याआधीची. नेपच्यूनशी ३:२ अनुनाद साधणाऱ्या, म्हणजे नेपच्यूनच्या सूर्याभोवती तीन फेऱ्या होईपर्यंत स्वतःच्या दोन पूर्ण करणाऱ्या, प्लूटोसारख्या कक्षेतल्या पिंडांना पाताळातल्या देवतांची नावं देतात. पृथ्वीजवळच्यांना पुराणकथांमधली, जसं ९९९४२ अपोफिस किंवा १०१९५५ बेनू. तिथेही अपवाद आहेत: २५१४३ इटोकावा हे नाव जपानी अग्निबाणतज्ज्ञ हिदेओ इटोकावा यांचं. मुख्य पट्ट्यात असं बंधन नाही, म्हणून तिथे शास्त्रज्ञ, गायक, गावं, नद्या सगळं सापडतं.

एखाद्या नावाचा अर्थ शोधायचा असेल तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या लघुपिंड माहितीकोशात नाव न टाकता क्रमांक टाका. स्पेलिंगचा घोळ टळतो, आणि नामकरणाचा मजकूर बहुतेक वेळा तिथेच मिळतो. क्रमांकच नसेल, तर नावही नाही.