यंत्राच्या चुकीवर अपील कुठे करायचं?

तुम्ही विचारलंय, एआयच्या नीतिमत्तेवर युरोप, अमेरिका, चीन परिषदा भरवतात, कायदे करतात. खेड्यातल्या माणसाला त्याचं काय घेणंदेणं? मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, केवायसी, पीकविम्याचे अर्ज हे माझं रोजचं काम. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावातून एक काका आले. साडेतीन एकर कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेली केळी, पीकविम्याचा हप्ता भरलेला, पावती हातात. पोर्टलवर अर्ज नामंजूर. कारण एका ओळीत: उपग्रहाच्या चित्रात केळी आढळली नाही. चित्र घेतलं तेव्हा टिश्यूकल्चरची रोपं गुडघ्याएवढीही नसणार, हे आम्हा दोघांना कळत होतं. ते सांगायचं कुणाला, हे कळत नव्हतं. काका मलाच विचारत राहिले, "भाऊ, मन्हं काय चुकनं?" टोल फ्री नंबरवरच्या मुलीच्या पडद्यावरही तीच एक ओळ होती.

एआयच्या नीतीचा प्रश्न मला तिथे समजला. माणूसही चुकतो. पण तलाठ्याने चूक केली तर तहसीलदाराकडे जाता येतं, त्यांच्या वर प्रांताधिकारी आहेत. यंत्राने नाही म्हटलं तर कुणाचं दार ठोठवायचं?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. नेदरलँड्समध्ये करखात्याने मुलांच्या संगोपन भत्त्यातली फसवणूक हुडकायला जोखीम मोजणारी प्रणाली वापरली. त्यात माणसाचं नागरिकत्वही बघितलं जात होतं. हजारो आईबापांवर खोटा ठपका आला, भत्ता परत भरता भरता घरं कर्जात बुडाली. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. श्रीमंत देश, चोख नोंदी, तरी "आमचं काय चुकलं?" याचं उत्तर त्या लोकांनाही वर्षानुवर्षं मिळालं नाही.

युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात आला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. नागरिकांना गुण देऊन त्यांची प्रतवारी करण्यासारख्या गोष्टींवर बंदी, आणि बंदी मोडली तर साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्के, यातला जो मोठा तो आकडा, इथपर्यंत दंड. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कर्ज, सरकारी मदत, नोकरी असे निर्णय जोखमीचे मानले आहेत, त्यावर माणसाची देखरेख हवी आणि निर्णयाचा फटका बसलेल्याला खुलासा मागता येतो. विम्यापैकी मात्र आयुर्विमा आणि आरोग्यविमाच त्या यादीत आहे. पीकविमा नाही. म्हणून मला वाटतं, युरोपचा कायदा उचलून इथे चिकटवला तरी आमचे काका बाहेरच राहतील.

अमेरिकेत एआयबद्दलचा 2023 चा अध्यक्षीय आदेश 20 जानेवारी 2025 ला रद्दच झाला. चीनमध्ये नियम कडक आहेत, पण त्यांचा जोर मजकुरावर सरकारचा ताबा राहावा यावर जास्त. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा, तक्रारीचा हक्क तो देतो. यंत्राने घेतलेल्या निर्णयाचं कारण मागण्याचा हक्क देत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राची एआय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांचा सूर असा की सध्या वेगळ्या कायद्याची गरज नाही. मला हे पटत नाही.

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला टेंभली गावात दिलं गेलं. म्हणजे आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यात. तेव्हापासून कष्टाने झिजलेल्या बोटांचा अंगठा लागत नाही म्हणून परत जाणारी म्हातारी माणसं मी बघत आलोय. नवं तंत्र आमच्याकडे लवकर येतं, दाद मागायची सोय मागाहून येते. त्यात भाषा. युनेस्कोच्या 193 सदस्य देशांनी 2021 मध्ये स्वीकारलेल्या एआय नीतीवरच्या शिफारशीत भाषांचं वैविध्य जपण्याबद्दल लिहिलंय. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, आमची खानदेशची अहिराणी त्यात नाही. उद्या तक्रारही बोलक्या यंत्राकडेच करायची झाली, तर काकांचं "मन्हं काय चुकनं" त्याला कळेल का, ही माझी खरी काळजी आहे.

काकांचं पुढे काय झालं ते सांगतो. लेखी अर्ज, सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, रोपांचं बिल असं सगळं जोडून तालुक्याला तीन चकरा झाल्या. शेवटी कृषी खात्याचे एक गृहस्थ मोटारसायकलवर बागेत आले आणि पंचनामा केला. तोपर्यंत केळी निसवली होती, घड बाहेर पडले होते.

डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये हरकतींसाठी खुला होता. तेव्हा मी काही लिहिलं नाही, याची रुखरुख आहे. एआयबद्दल पुढचा मसुदा येईल तेव्हा मराठीत लिहून पाठवणार आहे: नामंजुरीचं कारण लेखी द्या, आणि त्याखाली तालुक्यातल्या एका माणसाचं नाव आणि सही असू द्या. तुम्हीही पाठवा.