डोंगल बंद पडण्याआधी फाइली बाहेर काढा

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला तो कसा कळला ते आधी सांगतो. नाशिकला रविवार कारंज्याजवळ तुमच्या वडिलांची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये पानं मांडायचं पेजमेकर आणि डोंगलवालं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. डोंगल म्हणजे मशीनला लावायची छोटी किल्ली, ती नसली तर सॉफ्टवेअर चालत नाही. बिलं आणि ईमेलसाठी विंडोज १० चा दुसरा पीसी आहे. जुनं मशीन आता मध्येच बंद पडायला लागलंय. दुकानदार म्हणतो, विंडोज ११ चं नवं मशीन आणि वर्षाच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्या. चुलतभाऊ म्हणतो, सगळं पुसून विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाका. तिसऱ्याने डोंगलचा क्रॅक, म्हणजे त्याचं कुलूप तोडणारी फाइल, आणून देतो म्हणून सांगितलंय. शिवाय आईने किंडलवर घेतलेल्या मराठी पुस्तकांचं पुढे काय, हेही विचारलंयत.

तिघांचंही तूर्त ऐकू नका. कुठलं मशीन घ्यायचं हे नंतर ठरवता येईल. बाबांनी इतकी वर्षं जे टाइप केलंय ते कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी बघा. आज ते त्या डोंगलच्या ताब्यात आहे.

सातपूरच्या कारखान्यांतली आणि शहरातल्या प्रेसमधली मशीनं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. कंपनीने कुलूप कशालाही लावावं, पण मी तयार केलेल्या मालाला लावलेलं कुलूप मला चालत नाही. भाड्याने बघायच्या सिनेमाला असेल तर असू दे. नाशिकरोडला नोटा छापतात तिथे कडेकोट बंदोबस्त लागतो हे समजतं, पण वऱ्हाडी मंडळींच्या पत्रिकेला कशाला?

आता अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा. तो रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट म्हणजे एक जुगाड होता. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे: अर्धा क, काना, रफार, वेलांटी, सगळं सुटं. फाइलमध्ये मराठी साठवलेलं नसतंच, साठवलेले असतात त्या रोमन जागांचे आकडे. फॉन्ट आहे तोवर पत्रिका दिसते. फॉन्ट नसला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण आणि कंस यांची खिचडी दिसते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती, त्यामुळे एकीची फाइल दुसरीच्या फॉन्टमध्ये नीट उघडत नाही. गिऱ्हाईक आपोआप बांधलेलं राहायचं.

त्यावर डोंगलची पाचर. सॉफ्टवेअर अधूनमधून पोर्टकडे विचारणा करतं आणि डोंगलकडून ठरलेलं उत्तर आलं नाही तर काम थांबवतं. एका प्रेसमध्ये ऐन लग्नसराईत डोंगल जळाला. फॉन्ट कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की ती आवृत्ती बंद झालीय, नवी पूर्ण किमतीत घ्यावी लागेल. प्रेसवाल्याकडे मूळ बिल होतं, सीडी होती, खोकासुद्धा होता. काही उपयोग झाला नाही.

तुमचा डोंगल पॅरलल पोर्टचा (जुने प्रिंटर जोडायची रुंद खाच) आहे की यूएसबीचा, ते लिहिलेलं नाही. फरक मोठा आहे. नव्या पीसीला पॅरलल पोर्ट नसतो आणि बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-पॅरलल केबली प्रिंटरसाठी असतात, त्यांवर डोंगल सहसा ओळखला जात नाही. यूएसबीचा असला तरी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, एक्सपीच्या काळातला असणार. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. तिथे ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही आणि १६ बिटचा इन्स्टॉलर तर सुरूच होत नाही. थोडक्यात, दुकानदाराचं नवं मशीन आणलं आणि जुनं भंगारात दिलं, तर तेलही गेलं आणि तूपही गेलं.

म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर कामाला लागा. सगळ्यात आधी त्याचं नेट काढा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, ते मशीन जोडलेलं ठेवण्यात काही शहाणपण नाही. मग हार्डडिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्या. नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही, कारण फॉन्ट, सेटिंग, ड्रायव्हर सगळं तसंच्या तसं हवं. डिस्क जुन्या चपट्या रुंद केबलची असेल तर आयडीई ते यूएसबी जोडणारं अ‍ॅडॉप्टर लागेल. एम. जी. रोडवर विचारा, जुन्या रिपेरिंगवाल्यांकडे असतं. डोंगल यूएसबीचा असेल तर नंतर या इमेजवरून नव्या पीसीत व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी) करून, डोंगल त्याच्याकडे सोपवून जुनं सॉफ्टवेअर चालवता येतं. अशा वेळी एक्सपी बहुधा पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागते, त्याची तयारी ठेवा. पॅरलल डोंगलला ही युक्ती क्वचितच लागू पडते.

त्यानंतर पीडीएफ. ज्या फाइली पुन्हा छापाव्या लागतील त्या फॉन्ट आत घालून पीडीएफ करा. पुनर्मुद्रणाला तेवढं पुरतं. पण पीडीएफमधला मजकूर सहजासहजी बदलता येत नाही, आणि अहवालात दर वर्षी आकडे आणि संचालकांची नावं बदलतात. असा मजकूर युनिकोडमध्येच आणावा लागेल.

त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, काही फुकटही आहेत. तुमच्या फॉन्टच्या मांडणीचा मिळतो का ते बघा. मात्र त्याचा निकाल डोळे झाकून छापखान्यात पाठवू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलट: जुन्यात तो अक्षर आणि काना झाल्यावर यायचा, युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी लागतात. ही अदलाबदल अर्धवट झाली की ‘आशीर्वाद’चा ‘आशीवार्द’ होतो आणि ‘कार्य’चं ‘कायर्’. नवरीचं नाव वर्षा असेल तर पत्रिकेवर ‘वषार्’ उतरेल आणि वधूपिता तुमच्या दारात उभा राहील. ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’ यांतला आडवा र तर हमखास मोडतो. तेव्हा रूपांतर झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ एवढ्या तीन गोष्टी शोधून शोधून तपासा. निम्म्याहून जास्त घाण तिथेच सापडते. आकडे वेगळे तपासायचे, कारण काही फॉन्टमध्ये मराठी अंकांच्या जागाही सरकलेल्या असतात.

सगळंच वाचवायला जाऊ नका. पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाची पत्रिका परत कोणी मागत नाही. दर वर्षी येणारी गिऱ्हाइकं, संस्थांच्या घटना आणि अहवाल, एखाद्या मठाची आरती-स्तोत्रांची पुस्तिका, स्मरणिका, यांची यादी बाबांना विचारून करा. त्यांना तोंडपाठ असेल.

पेजमेकरच्या फाइलींना आणखी एक फाटा आहे. अ‍ॅडोबीने पेजमेकर ७ नंतर पुढे नेलंच नाही. त्यांच्याच इनडिझाइन या पुढच्या सॉफ्टवेअरची सीएस६ पर्यंतची आवृत्ती त्या फाइली उघडायची, नंतर तीही सोय गेली. गंमत म्हणजे फुकटातलं लिब्रेऑफिस ड्रॉ आजही पेजमेकर आणि कोरल (चित्रं-डिझाइनचं सॉफ्टवेअर) दोन्हींच्या फाइली उघडायचा प्रयत्न करतं. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाताला लागतो. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी हात वर केले आणि ज्यांनी एक रुपया घेतला नाही ते अजून दार उघडं ठेवून बसलेत.

क्रॅकबद्दल. तो आणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. नीतीचं प्रवचन देत नाही, धंद्याचं सांगतो: क्रॅकच्या फाइलीसोबत काय आत येतं ते कळत नाही, आणि तुमच्याच नेटवर्कवर पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या पडलेल्या असतात. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला हेतूचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यात कुलूप तोडणं हाच बहुतेक वेळा गुन्हा ठरतो, आपला कायदा त्या मानाने शहाणा आहे. शिवाय रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची हानीपासून बचावासाठी प्रत ठेवायला कलम ५२ मुभा देतं. पण ही मुभा घेऊन कंपनीशी भांडायला वकील लागेल. त्यापेक्षा फाइली बाहेर काढणं स्वस्त.

आता नवं मशीन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. बिलांचा पीसी त्यात बसत नसेल तर त्यावर खुशाल लिनक्स टाका. बिलं, ईमेल, मराठी टायपिंग सगळं होतं, चुलतभावाचंही मन राहील. प्रेसच्या मुख्य मशीनवर मात्र लिनक्स नको. गिऱ्हाईक कोरलची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन येतं आणि अर्ध्या तासात प्रूफ मागतं. तिथे तत्त्व सांगत बसलात तर ते समोरच्या दुकानात जाईल. पानं मांडायच्या फुकटातल्या स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरं नीट येतात, अहवालासारख्या कामाला वापरून बघा, पण रोजच्या चार रंगी धावपळीत बाबांना नव्याने शिकायला लावू नका.

वर्गणीच्या सॉफ्टवेअरला माझा सरसकट विरोध नाही. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये कायमची विक्री सोडून वर्गणीची वाट धरली, तेव्हापासून धंद्यातल्या बहुतेकांनी ते गिळलंय. पण घेताना एवढं धरून चाला की हप्ता थांबला की तुमचीच फाइल तुम्हाला उघडणार नाही. म्हणून प्रत्येक पूर्ण कामाची पीडीएफ आणि मजकुराची साधी युनिकोड फाइल त्याच दिवशी वेगळ्या डिस्कवर. ही सवय लागली तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या.

फॉन्टसाठी आता डोंगलची गरज उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्यांचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, झालंच तर ‘तिरो देवनागरी मराठी’, हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, छपाईत बिनधास्त वापरा. बाबांची नजर ल आणि श वर जाईल. काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपल्या वळणाचे होतात. पत्रिकेला लागणारी नक्षीदार, पेशवाई थाटाची अक्षरं मात्र खुल्या फॉन्टमध्ये कमी आहेत. ते दुखणं खरं आहे, तिथे एखादा विकतचा युनिकोड फॉन्ट घ्यावा लागेल. बिनाकुलुपाचा मिळतो.

आईची पुस्तकं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळायला लागली. त्यांनी पैसे भरले, पण अटींत स्पष्ट लिहिलंय की मिळतो तो वापराचा परवाना, पुस्तक नव्हे. वाचत राहायला अडचण नाही. मात्र ती पुस्तकं मैत्रिणीला देता येत नाहीत, तुमच्या नावावर करता येत नाहीत, सार्वजनिक वाचनालयाला भेटही देता येत नाहीत. सावाना, म्हणजे आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून उभं आहे, त्यात लोकांनी दिलेली पुस्तकं किती असतील विचार करा. कंपनीला वाटलं तर पुस्तक परतही जातं. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑरवेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलवरून पुसल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण खरं होतं, पैसेही परत केले, तेव्हाचे कंपनीप्रमुख बेझोस यांनी माफीही मागितली, पण असं पुसता येतं हे जगाला दिसलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि पुस्तकं गायब झाली. पैसे परत मिळाले, समासात टिपणं केलेल्यांना वर २५ डॉलर मिळाले. टिपणं परत आली नाहीत.

पूर्वी किंडलची पुस्तकं वेबसाइटवरून संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकता यायची. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तेही बंद आहे. म्हणून आईंना सांगा, एकदा वाचून विसरायचं ते किंडलवर घ्या, अक्षर मोठं होतं ही सोय छोटी नाही. पुन्हा पुन्हा उघडायचं किंवा नातवंडांना द्यायचं ते कागदावर. आधी घेतलेल्यांवर रडत बसू नका, यंत्रात उतरवून ठेवा.

लिनक्सवर नेटफ्लिक्स अंधुक दिसतं अशी चुलतभावाची तक्रार तुम्ही शेवटी लिहिलीय. ते कुलपामुळेच. ब्राउझरमधलं वाइडवाइन, म्हणजे सिनेमाचं कुलूप सांभाळणारा भाग, तिथे खालच्या पातळीवर चालतं, त्यामुळे पूर्ण दर्जाचं चित्र पाठवत नाहीत. भाड्याचा माल आहे, टीव्हीवर बघा म्हणावं.

ऑफिसचा छोटा प्रिंटर घेणार असाल तर चिपवाल्या कार्ट्रिजचा घेऊ नका. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी एका दिवसात दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली होती, ती फर्मवेअरमुळे, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममुळे. शाई ओतायच्या टाकीचा घ्या, आणि मॉडेल पक्कं करण्याआधी शालिमारच्या रिफिलवाल्याला विचारा. डोंगल कुठल्या पोर्टचा आहे आणि मशीन ३२ बिटचं आहे का, हे दोन्ही इथे लिहा, म्हणजे इमेज कशाने काढायची ते सांगतो.